तेंगो म्हणजे माझ्याकडे आहे

वनमालानं त्या दिवशी दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच उरकून टाकला. दुपारी घरात भांडं वाजता कामा नये, कुकरची शिट्टी तर अजिबातच नको, असा नवऱ्याचा, संजयचा, हुकूम होता. हुकूम सोडणाऱ्याचं काय जातं? गार भाकरी बघून सासूबाई नाक मुरडणार, ते नाक वनमालानंच बघायचं. संजय थर्मलच्या वीजकेंद्रातून सुट्टी टाकून सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होता आणि दर थोड्या वेळानं वायफायच्या डबीकडं बघत होता.

परळीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात स्पेनमधून फोन येणार होता. मुलाखत संजयच्या धाकट्या बहिणीची, पौर्णिमाची. तिकडच्या एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमाला नर्स पाहिजे होती, आणि पुण्याच्या एका एजंटानं पौर्णिमाचं नाव पुढं केलं होतं. लातूरला नवऱ्यानं दुसरा संसार मांडल्यापासून पौर्णिमा लेकीला घेऊन भावाकडंच राहात होती आणि परळीतल्या एका दवाखान्यात रात्रपाळ्या करत होती. आता पिलार नावाच्या कुणी बाई व्हिडिओवर तिचं तोंड बघणार, दोन गोष्टी विचारणार आणि ठरवणार. बोलायचं त्यांच्या भाषेत.

पौर्णिमाची लेक चैताली खुर्चीसमोर मोबाइल धरून उभी होती. मोबाइलमध्ये मागं काय काय दिसतं ते ती बघत होती.

"मामी, माजं दप्तर दिसायलंय."

वनमालानं दप्तर आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

"ती ढालबी काढावी लागंल."

वक्तृत्व स्पर्धेतली ढाल खिळ्यावरून निघाली. मग चैतालीनं स्वतःच स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरचा फोटो उतरवला. फोटोत पौर्णिमाच्या कडेवर दोन वर्षांची चैताली होती, डोक्यात भलंमोठं लाल फूल. काचेवर रोजच्यासारखी थर्मलची राख बसली होती. पोरीनं ती बाहीनं पुसली आणि फोटो कपाटावर पालथा ठेवला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर तेवढी राहिली.

"आता दिसत न्हाई काहीच," ती म्हणाली. "आता बरोबर हाय."

वनमालाला ते बघवेना. ती उगीच मोरीत जाऊन धुतलेला तांब्या पुन्हा धुऊ लागली.

हे सगळं एजंटाच्या सांगण्यावरून चाललं होतं. तो म्हणाला होता, "लेकरू आहे म्हटलं की तिकडचे लोक बिचकतात. आज लेकरू आजारी, उद्या लेकराची आठवण येते, असली बाई त्यांना नको असते. दोन वर्षं हलणार नाही असं माणूस पाहिजे. विचारलं तर सरळ नाही म्हणा, ताई." संजयनं मान हलवली होती. पौर्णिमानं हलवली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती. घरात तेवढ्यालाच होकार म्हणतात.

मधल्या खोलीत बाजेवर पारूबाई पाय पसरून बसली होती. संजय आणि पौर्णिमाची आई. तिच्यासमोर खाली माय-लेकींचा अभ्यास सुरू होता, म्हणजे लेक शिकवत होती आणि माय शिकत होती. चैताली ती तिकडची भाषा मोबाइलवर स्वतःच शिकली होती. आईला रात्रपाळीहून आल्यावर अभ्यास घेणारं कुणी पाहिजे म्हणून आधी ती शिकली, मग तिला नादच लागला. शाळेतून आली की तिकडची कार्टूनं लावून बसायची.

"तिएनेस आंब्रे?" चैतालीनं विचारलं.

"सी. तेंगो आंब्रे," पौर्णिमा म्हणाली.

"काय म्हणली गं?" पारूबाईनं विचारलं.

"भूक लागली म्हणली, आज्जी. पण तिकडं भूक लागत न्हाई, भूक असते. माज्याकडं भूक आहे, असं म्हणतेत. वयबी असतं, झोपबी असते. सगळं या एकाच शब्दानं."

"आमच्याकडंबी लई होती भूक," पारूबाई म्हणाली. "कणगी भरून होती."

पौर्णिमा हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"मीला तेंगो, तूला तिएनेस, आपणला तेनेमोस," चैताली बोटं मोडत म्हणाली. "हे लई वाकडं क्रियापद हाय. नियमात बसत न्हाई. पण बिगर त्याच्या चालतबी न्हाई."

"मंजी तुज्या मामावानी," वनमाला दारातून म्हणाली. संजयनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग चैतालीनं पाठ ताठ केली आणि आवाज बदलला. पिलारबाईंचा आवाज असा असेल असं तिला वाटत होतं.

"तिएनेस इहोस?"

तुम्हाला मुलं आहेत का. हा प्रश्न एवढे दिवस ती रोज विचारत होती. पौर्णिमाचं उत्तर रोज एकाच जागी अडत होतं.

"नो. नो तें..."

"नो तेंगो इहोस. एका दमात म्हण, आई. मधी थांबलीस की त्यांना कळतंय."

पौर्णिमानं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली. दवाखान्यात ती कुणाचा बाप गेला, कुणाचं मूल वाचणार नाही, हे डॉक्टरच्या आधी सांगून मोकळी व्हायची. जीभ कधी अडखळली नव्हती. तिला वाटलं होतं, परक्या भाषेत खोटं बोललं की ते अर्धंच लागेल. मराठीत तिच्यानं म्हणवलंच नसतं. पण त्या परक्या शब्दांचा अर्थ तिला शिकवला होता तो हिनंच, समोर मांडी घालून बसलेल्या हिनंच. मग तो परका कसा राहणार?

तिला जायचं होतं. हे ती कुणाला सांगत नव्हती, पण तिला फार जायचं होतं. भावाच्या घरात भाऊ चांगला, भावजय चांगली, तरी स्वतःच्या चहाचा कप धुताना आवाज होऊ नये म्हणून जपायचं. लेकीनं दुसरी पोळी मागितली की आपण वनमालाच्या तोंडाकडं बघायचं. दोन वर्षांत स्वतःच्या दोन खोल्या, त्यांना आपलं कुलूप आणि आत आपण दोघीच, एवढ्यासाठी ती निघाली होती. संध्याकाळी बोलायला कुणी नसेल अशा गावाला निघाली होती, आणि इथं तरी तिच्याशी मनातलं कोण बोलत होतं?

"नो तेंगो इहोस," ती म्हणाली. शेवटाला आवाज पडला.

"ते वाक्य मला शिकीव गं चैताली," वनमाला म्हणाली. "मला तरी खरं म्हणता येईल."

संजयच्या आणि वनमालाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि बीड, लातूर, सोलापूर सगळीकडचे डॉक्टर करून झाले होते.

"वनमाला," संजय हळू म्हणाला.

"काय वनमाला? पौर्णिमाताई गेल्यावर पोरीचं कोण बघणार, हे मला इचारलं का कुणी? धरूनच चाललाव, की हाय वनमाला घरी. अन् मी बघंन. तळहातावरच्या फोडासारखं जपीन. तुमाला खरं सांगू का? मला पायजेच हाय ती. रात्री तिला पांघरूण घालाया मला आवडतंय. पण असं नको. तिला न्हाई म्हणून, भिंतीवरून काढून मला देऊ नका. ताई, तुमी खरं सांगा त्या बाईला. काय व्हायचं ते होईल."

पौर्णिमा वहिनीकडं बघतच राहिली. आपण इथून जावं असं या घरात जिला सगळ्यात जास्त वाटत असेल असं ती धरून चालली होती, तीच हे म्हणत होती. इतके महिने एका चुलीवर खाऊन आपण हिला ओळखलंच नाही, असं तिला वाटलं.

"सगळं मातीत घाला आता," संजय म्हणाला. "घटकाभरानं फोन यायचाय, आन आता तुमाला खरं सुचायलंय. खोटं काय एवढं? माय, तूच सांग. मुकादमाला तू काय म्हणलतीस?"

पारूबाईनं पाय आवळून घेतले. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, कारण तीच ती हसत हसत सांगायची. नांदूरघाटहून ऊसतोडीला जायचं तेव्हा मुकादमाला अंगावर पिणारं लेकरू असलेली बाई नको असायची, कामात खोटी होते म्हणून. त्यानं विचारलं, कडेला लेकरू हाय का? पारूबाई म्हणाली, न्हाई. आणि काही महिन्यांच्या पौर्णिमाला वाकळेच्या गाठोड्यात घालून ट्रकमध्ये चढली. मांजरसुंब्याचा घाट उतरल्यावर गाठोडं रडायला लागलं. तोवर मुकादमाला ट्रक माघारी फिरवता येईना.

"म्हणलते न्हाई म्हणून," पारूबाई म्हणाली. आज ती हसत नव्हती. "पर मी संगं न्याया खोटं बोलले, संजय. ही ठिवून जायाला बोलायली."

पौर्णिमाचा चेहरा उतरला. "मग काय करू, माय? हितं बसून तिला काय देऊ?"

"मी कुठं म्हणले काय कर?"

"मी ऱ्हायलो न्हाई का?" संजय म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोठा झाला आणि त्यालाच ते कळलं, म्हणून पुढचं त्यानं भिंतीकडं बघत सांगितलं. "हिला गाठोड्यात घातलंस. मला घातलं न्हाईस. मी नांदूरघाटलाच ऱ्हायलो आजोबापाशी. मला म्हणलीस, दुकानातून गूळ घेऊन ये. मी गूळ घेऊन आलो, तर ट्रक गेलता."

पारूबाई त्याच्याकडं बघत होती. तिच्या गोष्टीत हा भाग कधीच नव्हता.

"तू मोठा होतास रे," ती म्हणाली. "गाठोड्यात मावत न्हवतास."

"पाच वर्साचा होतो, माय."

"मला वाटलं, तू इसरलास."

"इसरलोच होतो," संजय म्हणाला. "मेलो न्हाई ना? शिकलो, नोकरी लागली. चैतालीबी ऱ्हाईल. हिला तर कुणी गूळ आणाया पाठवायलं न्हाई. हिला समदं सांगून चाललीय पौर्णिमा. तेवढं तरी बगा." एवढं बोलून तो वायफायची डबी हलवायला गेला. त्या डबीला काही झालेलं नव्हतं, पण या घरातले पुरुष असंच करत आलेत, डोळ्यात पाणी आलं की यंत्राकडं जातात.

पारूबाईनं बाजेच्या दोऱ्या चाचपल्या. मग म्हणाली, "बोल बाई तुला काय बोलायचं ते. मी कोण मना करणारी? मीबी एकाला ठिवूनच गेलते."

मोठी माणसं चैतालीविषयी बोलत होती आणि ती पिठाच्या डब्यावर मोबाइल नीट टेकतो का ते बघत होती. डब्याखाली तिनं भूगोलाचं पुस्तक सारलं, मग तो बरोबर उंचीला आला.

"आई, बस," ती म्हणाली. "केस नीट कर. उजवीकडं."

फोन आला तेव्हा संजय दाराजवळ उभा राहिला, वनमाला त्याच्या मागं. पारूबाईला खोकला येऊ नये म्हणून खडीसाखर दिलेली होती. चैताली डब्याच्या मागं जमिनीवर बसली. तिथून तिला पिलारबाई दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. समोर आईचा चेहरा होता आणि त्यावर मोबाइलचा उजेड.

आवाज तिनं काढून दाखवला होता तसा मुळीच नव्हता. जाड होता, जरा थकलेला, आणि चांगला होता.

पिलारबाईंनी नाव विचारलं. वय विचारलं. "तेंगो त्रेइंता इ क्वात्रो आन्योस," पौर्णिमा म्हणाली, माझ्याकडे चौतीस वर्षं आहेत, आणि चैतालीनं खालून अंगठा दाखवला. कामाचा अनुभव विचारला. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते विचारलं, तेव्हा पौर्णिमाला शब्द सापडेनात, तिनं उशी घेऊन हातांनी करून दाखवलं. पिलारबाई हसल्या. दारातला संजयही हसला, काही न कळता.

"तिएनेस इहोस?"

पौर्णिमाची नजर मोबाइलवरून खाली सरकली. चैतालीनं ते पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. आई आपल्याकडं बघत राहिली तर अडखळेल, हे तिला ठाऊक होतं. ती सतरंजीचा एक सुटलेला धागा ओढत बसली.

"नो," आईचा आवाज आला. "नो तेंगो इहोस."

एका दमात आणि स्वच्छ. शिकवलं होतं तसंच.

मग पिलारबाई बोलायला लागल्या, भरभर, घरच्या माणसाशी बोलावं तसं. पौर्णिमा मान हलवत होती. "सी," ती म्हणत होती. "सी, ग्रासियास." हो, आभारी आहे. तिनं उत्तरं पाठ केली होती. प्रश्न विचारायचं काम चैतालीचं होतं, म्हणून चैतालीला खूप जास्त येत होतं.

अरेरे, असं पिलारबाई म्हणाल्या. मुलं असती तर बरं झालं असतं, म्हणाल्या. ज्यांना मुलं आहेत त्यांना आश्रमाच्या वरच्या मजल्यावर घर देतो, वर्ष झालं की मुलं येतात. शाळा समोरच आहे. गावात मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडायला आली आहे, म्हणून आम्ही लेकुरवाळ्या बायका शोधत होतो. पण असू दे. तुमचे हात चांगले आहेत, मला दिसलं. तुम्हाला दोन मुलींबरोबर खोली देऊ. पुढच्या महिन्यात कागद पाठवते.

चैताली धागा ओढायची थांबली. चुकीचं ऐकलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. एकेक शब्द परत आठवला. घर. वर. वर्ष. शाळा. समोर. सगळे सोपे शब्द होते, पहिल्याच धड्यांतले.

फोन बंद झाला. पौर्णिमानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "घेतलं," ती म्हणाली. "कागद पाठवणार म्हणाल्या. तेवढं कळलं मला. घेतलं, दादा." संजय एजंटाला फोन लावत बाहेर गेला आणि त्याचा आनंदी आवाज गल्लीतून ऐकू येऊ लागला. पारूबाईनं पौर्णिमाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. वनमाला उंबऱ्यावर बसून रडत होती, आणि का रडतेस असं कुणी विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं.

पौर्णिमा खाली सतरंजीवर आली, लेकीला जवळ ओढलं. आईचे हात गार पडले होते.

"शेवटाला एवढं लांबलचक काय बोलल्या गं त्या? मी आपली नुसती सी सी करत बसले."

चैतालीनं आईकडं बघितलं. सांगितलं असतं तर आईनं त्याच पावली परत फोन लावला असता. मी खोटं बोलले, मला लेक आहे, असं सांगितलं असतं. आणि खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातात आपली म्हातारी माणसं कोण देणार? मग ते वरचं घरही नाही, खालची खोलीही नाही, परत तीच रात्रपाळी आणि परत तोच न वाजवता धुवायचा कप. किंवा आईनं फोन लावला नसता. ती गेली असती, आणि रोज तिकडं त्या शाळेसमोरून जाताना तिला हे माहीत असतं. दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट ते चैतालीला ठरवता येईना. विचारायचं तर कुणाला, या घरात ती भाषा दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

"म्हणल्या, थंडी लई असते," ती म्हणाली. "सुटर घेऊन या."

"अगंबाई, एवढंच?"

"एवढंच."

पौर्णिमा हसायला लागली. तिनं सगळ्यांना सांगितलं, बाई सुटर आणा म्हणाल्या. पारूबाई म्हणाली, माझी शाल ने. वनमाला डोळे पुसत म्हणाली, हिवाळ्यात बीडला तिबेटी लोक बसतात, त्यांच्याकडचे गरम असतात, आपण जाऊ. घर एकदम सुटरांनी भरून गेलं.

"थंडी वाजायलीय, हे कसं म्हणायचं गं?" पौर्णिमानं विचारलं.

"तेंगो फ्रियो."

"तेंगो फ्रियो," पौर्णिमा म्हणाली. लेकीला मांडीवर घेऊन, ती आता मांडीत मावत नव्हती तरी घेऊन, पुन्हा पुन्हा म्हणाली. "तेंगो फ्रियो. तेंगो फ्रियो. बरोबर?"

"बरोबर," चैताली म्हणाली. "आता मी विचारते. तू सांग."